मुळाच्या टोकाची शस्त्रक्रिया आणि हाड भरून येण्याचा काळ

माझ्या वरच्या जबड्यातील पुढच्या मोठ्या दाताशेजारच्या दाताचे रूट कॅनाल बऱ्याच वर्षांपूर्वी झाले होते आणि आत पोस्ट (कॅपला आधार देणारा खिळा) बसवून वर कॅप घातलेली होती. पुढे त्याच्या वर हिरडीवर एक बारीक पुटकुळी येऊ लागली. ती फुटे, थोडा पू जाई आणि काही काळाने पुन्हा उगवे. एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी गोल काळा डाग, म्हणजे हाडातली पोकळी, दिसली. रूट कॅनाल पुन्हा करावे, तर पोस्ट काढताना मूळ तडकण्याची भीती होती. म्हणून हिरडी उघडून मुळाचे टोक कापायचे आणि तिकडून मुळातली नळी बंद करायची, असा मार्ग एंडोडॉन्टिस्ट (रूट कॅनालच्या तज्ज्ञ) मॅडमनी सुचवला.

हे टिकेल का, या माझ्या प्रश्नाला त्यांनी लगेच होकार दिला नाही. आधी कोन बीम सीटी स्कॅन (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) करून आणायला सांगितले. ते मला योग्य वाटते, कारण जखम कशी भरणार याचा मोठा भाग चीर देण्यापूर्वीच ठरलेला असतो. मुळाला उभा तडा असेल, तर दात सहसा काढावाच लागतो. हिरडीच्या आजाराने दाताभोवतीचे हाड काठापासून झिजून ती झीज टोकाच्या पोकळीला मिळाली असेल, तर यशाची शक्यता बरीच घटते. माझे काठाचे हाड शाबूत होते. पोकळी मात्र मोठी होती आणि ओठाकडचे तसेच टाळूकडचेही हाड तिने पोखरले होते. अशा आरपार पोकळीत हाडाऐवजी तंतुमय व्रण तयार होऊ शकतो, हे त्यांनी तेव्हाच सांगून ठेवले. मला मधुमेह असल्यामुळे एचबीए१सीचा (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा) अहवाल समाधानकारक येईपर्यंत त्यांनी तारीख दिली नाही. तंबाखू आणि मिश्रीबद्दलही त्यांनी खोदून विचारले.

शस्त्रक्रिया केवळ जागेवर भूल देऊन, मायक्रोस्कोपखाली झाली. मुळाचे सुमारे 3 मिमी टोक कापले गेले, कारण नळीचे बहुतेक बारीक फाटे तेवढ्याच भागात असतात आणि जंतू तिथेच दडून राहतात. मग अल्ट्रासॉनिक टिपने (अतिजलद कंपनाच्या बारीक टोकाने) तेवढीच खोल खाच करून ती एमटीए नावाच्या सिमेंटने भरली. कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा विद्यापीठात 1990च्या दशकात विकसित झालेले हे सिमेंट ओलाव्यातही घट्ट होते आणि त्याच्यावर मुळाचे नैसर्गिक आवरण पुन्हा वाढू शकते. जुन्या पद्धतीत टोक तिरके कापून अमलगम (पारा आणि चांदीचे मिश्रण) भरत असत. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात जुन्या पद्धतीचे यश सुमारे 59 टक्के, तर सूक्ष्मदर्शक पद्धतीचे सुमारे 94 टक्के आढळले होते. हाच फरक वाचून माझा निर्णय पक्का झाला. काढलेली ऊती तपासणीला पाठवली होती. ती मुळाच्या टोकाशी होणारी साधी गाठ निघाली.

त्यानंतर माझ्या हातात राहिले ते थोडे होते, पण ते मी मनापासून पाळले. पहिल्या दिवशी गालावर थांबून थांबून बर्फ, मऊ भात आणि गार ताक, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या गुळण्या, त्या जागी ब्रश नाही. टाके पाहण्यासाठी ओठ वर उचलायचा नाही, ही सूचना मला सर्वांत मोलाची वाटते, कारण त्या ताणाने नुकतीच बसू लागलेली हिरडी सुटू शकते. दुसऱ्या दिवशी सूज डोळ्याखालपर्यंत चढली. ती अपेक्षित असल्याचे आधी कळलेले असल्यामुळे घरात कोणी घाबरले नाही. टाके काही दिवसांतच निघाले.

हिरडी लवकर बरी झाली. हाडाला मात्र महिने लागतात आणि वेदना थांबल्या म्हणजे हाड भरले, असे मानता येत नाही. 1972 साली डेन्मार्कमधील रुड आणि सहकाऱ्यांनी एक्स-रेवरून हाड भरून येण्याचे पूर्ण, अपूर्ण, अनिश्चित आणि असमाधानकारक असे चार प्रकार मांडले. आजही साधारण तीच पट्टी वापरतात. वर्षानंतरच्या माझ्या एक्स-रेत पुटकुळीमागचा मोठा डाग आटून लहानसा ठिपका उरला आहे आणि मुळाभोवतीची बारीक रेषा (दात हाडाशी जोडणाऱ्या तंतूंची जागा) पुन्हा दिसू लागली आहे. मॅडमनी त्याची नोंद ‘अपूर्ण’ अशी केली. या वर्गीकरणात त्याचा अर्थ व्रणासह भरलेली जागा असा होतो आणि ते यशातच धरले जाते. तो ठिपका कदाचित कायम राहील. तो वाढत नाही ना, हे पाहण्यासाठी पुढची काही वर्षे दरवर्षी एक्स-रे काढायचा आहे.