मेलेल्या झाडांची वही

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी समितीचं पत्र आलं. शाळेच्या हरित सेनेच्या आठवणी लिहून द्याव्यात, शब्दमर्यादा पाळावी, सोबत फोटो जोडावा. लिहायला बसलो आणि दोन पानं झाल्यावर लक्षात आलं, की सगळं बाईंवरच लिहून झालंय. तसंच पाठवतोय. मोठे सर, पी.टी.चे सर, चित्रकलेचे सर यांचंही ऋण आहेच, त्यांच्यावर इतर कुणी लिहितीलच. आणि बाई म्हणजे कोणत्या बाई, हे आमच्या मागेपुढे दहावी झालेल्या कुणाला सांगायला नको.

राष्ट्रीय हरित सेना ही २००१-०२ सालची केंद्र सरकारची योजना. आपल्या राज्यात ती सामाजिक वनीकरण विभागाकडे होती. ५ जूनला पर्यावरण दिनाची फेरी, जुलैत वनमहोत्सव, पाहुण्यांच्या हस्ते रोप, टाळ्या, वर्षाखेरीस अहवाल, असा एकूण रिवाज. अहवाल आपल्याकडूनही जायचा. पण बाईंनी त्याशिवाय एक वही घातली होती. लांबट, निळ्या पुठ्ठ्याची. प्रयोगशाळेच्या कपाटात बेडकाच्या बरणीशेजारी असायची. तिच्यात लावलेल्या झाडांची नोंद नसायची, मेलेल्या झाडांची असायची. रोप कोणतं, लावलं कुठे, गेलं कधी, गेलं कशानं. शेवटचा रकाना कोरा ठेवलेला त्यांना चालत नसे. कुणी 'वाळलं' असं लिहिलं की म्हणायच्या, "वाळलं ते मलाही दिसतंय रे. का वाळलं ते लिही."

मग आम्ही शोधायचो. शेळी. कुंपणाची तार. वाळवी. २००३ च्या सिंहस्थात बाहेरगावाहून बंदोबस्ताला आलेली मंडळी आपल्या वर्गांमधून उतरली होती. त्यांनी करंजाच्या रोपाला दोरी बांधून कपडे वाळत घातले, त्या नोंदीत कारण 'ओले कपडे'. 'क्रिकेट' वरचेवर यायला लागलं तेव्हा पी.टी.चे सर वही घेऊन तरातरा स्टाफरूममध्ये गेले होते. त्यांचं नि बाईंचं काय बोलणं झालं कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी खेळपट्टी भिंतीकडून मैदानाच्या मधोमध सरकली होती. पी.टी.चे सर मोठ्या मनाचे, एवढं म्हणून त्यांचा विषय संपवतो.

मला सांगायचंय ते नळाजवळच्या कडुनिंबाचं. पिण्याच्या पाण्याच्या टाकीला सहा नळ होते, त्यांच्या उजव्या हाताला तो होता. सगळ्या शाळेचा लाडका. छातीएवढा झाला होता. शाळा सुटली की जो तो बाटलीतलं उरलेलं पाणी त्याच्या आळ्यात ओतायचा. पाचवीतल्या पोरी तर त्याच्यासाठी नळावर मुद्दाम बाटली भरून घ्यायच्या. पावसाळा आला, गेला, तरी ओतणं सुरूच. दिवाळीच्या सुट्टीनंतर बघतो तर पानं पिवळी, आणि नाताळपर्यंत नुसती काठी. आम्हाला वाटलं पाणी कमी पडलं, म्हणून आणखी घातलं.

शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर बाईंनी आम्हा आठवीच्या मुलांना कुदळ आणायला सांगितली. पदर खोचून स्वतः खड्ड्याशी उकिडव्या बसल्या. वरची काळी माती चिकट, गार. हातभर खाली कठीण मुरूम लागला. पाण्याला खाली जायला वाटच नव्हती, खड्डा भरून बसलेल्या हंड्यासारखा झाला होता. बाईंनी एक मूळ ओढून चिमटीत धरलं, तर साल मोज्यासारखी निघून आली आणि आतली दोरी हातात राहिली. "वास घे," मला म्हणाल्या. घेतला. गटारासारखा. मुळांनाही श्वास लागतो, मातीतल्या पोकळ्यांमधली हवा ती घेतात, पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळं गुदमरून कुजतात, हे आम्ही चाचणीत लिहून मार्क मिळवले होते. पण त्या वासाशी त्याचा संबंध आहे, हे तोवर कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

आता कारण काय लिहायचं यावर अर्धा तास वाद. कुणी म्हणे मुरूम, कुणी म्हणे अतिपाणी, कुणी म्हणे पाचवीच्या पोरी. शेवटी वही बाईंनीच घेतली आणि त्यांच्या गोल अक्षरात लिहिलं: 'निचरा नाही. सगळ्यांनी फार माया केली.' पाचवीच्या वर्गात जाऊन त्यांनी काय सांगितलं कोण जाणे, पण त्या पोरींपैकी कुणी रडल्याचं आठवत नाही. पुढच्या जुलैत नळापासून भिंतीपर्यंत आम्ही उताराचा चर खणला. सांडलेलं पाणी त्यातून पुढे जाऊन केळी आणि कर्दळीला मिळायला लागलं. कडुनिंब लावला तो पलीकडे, मुरूम फोडून.

बाकीचंही सगळं असंच वहीतून निघालं. 'मे महिना, पाळीवाला गावी गेला' अशा नोंदी झाल्या, म्हणून कुंभारवाड्यातून मडकी आणली. बुडाला भोक पाडून त्यात चिंधीची वात, मडकं गळ्यापर्यंत रोपाशेजारी पुरलेलं. आठवड्यातून एकदोनदा भरलं तरी रोप तग धरायचं. 'आग' ही नोंद झाली ती जानेवारीत. आपल्या नाशिकची थंडी! शिपाईमामा पालापाचोळा गोळा करून पेटवायचे नि हात शेकायचे, त्यात आपटा होरपळला. बाई मामांना एक शब्द बोलल्या नाहीत. संध्याकाळी स्वतः शेकोटीशी जाऊन बसल्या, मामांच्या मुलीची, गावची चौकशी केली, आणि उठताना म्हणाल्या, "मामा, उद्यापासून पाला मला द्या, लाकडं मी देते." मैदानाच्या कोपऱ्यात पाल्याचा खड्डा झाला. त्याचं खत पुढच्या पावसाळ्यात मामाच खोऱ्याने ओढून सगळ्या आळ्यांना घालत होते, आणि आमच्यावर ओरडतही होते.

आज मी दिंडोरी-निफाड पट्ट्यात द्राक्षबागायतदारांना सल्ला देतो. गेल्या काही वर्षांत बरं चाललंय, देशात-परदेशात माल जाणाऱ्या बागा आपल्या हाताखालून जातात, याचा अभिमान आहे, लपवत नाही. बागायतदार फोन करतो, "वेली पिवळ्या पडल्यात, काय मारू?" औषधाचं नाव हवं असतं. मी कुदळ मागतो. ठिबक जास्त वेळ चालू, खाली पाणी साचलेलं, आणि मूळ ओढलं की तीच साल हातात येते. वास घ्यायला लावतो. लोक हसतात. बाईंना हे फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "फी किती घेतोस?"

२०१६ ला १ जुलैला राज्यभर एका दिवसात दोन कोटी झाडं लावायची मोहीम झाली. पुढे चार कोटी, तेरा कोटी, २०१९ ला तेहतीस कोटी. आकडे ऐकून बाई तेव्हा एवढंच म्हणाल्या होत्या, "वही कोणाकडे आहे?"

मध्यंतरी शाळेत आलो होतो. नवी इमारत छान आहे, संगणक कक्ष तर बघण्यासारखा. पण मैदानाच्या कडेला पेव्हर ब्लॉक बसवलेत, थेट झाडांच्या खोडांपर्यंत. आमचा चर बुजलाय, पाल्याचा खड्डाही. बहावा उभा आहे, पण खोडाभोवती वीतभरही माती उघडी नाही. देखणं दिसतं, धूळ होत नाही, पालकांना आवडतं, हे मलाही कळतं. झाडाला कळत नाही.

समितीला दोन विनंत्या. ती निळी वही प्रयोगशाळेच्या जुन्या कपाटात असेल तर रद्दीत देऊ नये, महोत्सवाच्या प्रदर्शनात ढालींच्या शेजारी मांडावी. आणि प्रत्येक झाडाभोवतीचे ब्लॉक निदान तीन-तीन फूट काढू द्यावेत. माणसं माझी, खर्च माझा. दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवसांचं काम आहे, फक्त संस्थेची लेखी परवानगी हवी.