आमची वाटचाल: सारण बदललं, मक्याला हात लावला नाही

चिलीची राजधानी सांतियागोमध्ये आमचं छोटं स्वयंपाकघर आहे आणि तिथून आम्ही मुख्यतः एकच पदार्थ विकतो, पास्तेल दे चोक्लो. खाली कांदा-खिम्याचं सारण, त्यावर बेदाणे, काळं ऑलिव्ह, उकडलेलं अंडं, कोंबडीचा तुकडा आणि सगळ्यावर वाटलेल्या ताज्या मक्याचा जाड थर. वरून चिमूटभर साखर भुरभुरून तो भट्टीत तांबूस होईपर्यंत भाजायचा. माझं सासर इथलं, आणि पाककृती सासूबाईंची. आधी त्यांच्या ओळखीतल्या घरांसाठी करायचो, मग नवऱ्याने नोकरी सोडली आणि आम्ही दोघं पूर्णवेळ यात उतरलो.

धंद्याचं सगळं गणित मक्यावर चालतं. इथे 'उमेरो' नावाचा मका मिळतो, जाड दाण्यांचा, पिठूळ. आपल्याकडच्या स्वीटकॉर्नला पाणी फार सुटतं, मक्याचं पीठ घातल्याशिवाय त्याचा थर धरत नाही. उमेरो वाटून दुधात शिजवला की आपणच घट्ट होतो. पण तो येतो इथल्या उन्हाळ्यात, म्हणजे जानेवारी ते मार्चच्या सुमारास. मागणी मात्र वर्षभर. म्हणून त्या महिन्यांत ला वेगा बाजारातून पहाटे कणसं आणायची, सोलायची, त्याच दिवशी वाटायची, आणि अल्बाका (आपल्या सब्ज्याचंच झाड) घालून शिजवून गोठवायची. आमची बहुतेक कमाई पहिल्यांदा मोठ्या डीप फ्रीझरवर गेली. तो खर्च मला अजूनही सगळ्यात शहाणपणाचा वाटतो.

नवं केलं ते सारणात. मांस न खाणारे गिऱ्हाईक वाढत होते. सोयाबीनचे दाणे मला नको होते, चव परकी लागते. इथल्या किनाऱ्यावर कोचायुयो नावाचं समुद्री शेवाळ मिळतं, वाळवून जुड्या बांधून विकतात. ते भिजवून, उकडून, बारीक चिरलं की दाताला खिम्यासारखं लागतं. त्यात कांदा भरपूर, जिरं, लाल पाप्रिका, आणि सारण रात्रभर मुरू द्यायचं, मांसाचं मुरवतात तसंच. सासूबाईंनी पहिला घास खाऊन फक्त जिरं वाढवायला सांगितलं.

साखरही कमी केली. चिलीत 2016 पासून साखर, मीठ, चरबी किंवा कॅलरी मर्यादेपेक्षा जास्त असलेल्या पाकीटबंद खाण्यावर काळा अष्टकोनी शिक्का छापावा लागतो. आया तो बघूनच वस्तू खाली ठेवतात. चांगला उमेरो मुळात गोडसर असतो, त्याला फार साखर लागतही नाही.

भांड्याबाबत मात्र आम्ही जुनेच. पोमाइरे गावच्या कुंभारांकडची मातीची वाडगी वापरतो. जड असतात, पोचवताना कडा उडतात, पण भट्टीतून काढल्यावर पदार्थ बराच वेळ कढत राहतो. फॉइलच्या डब्यात ते होत नाही. गिऱ्हाईक अनामत ठेवून वाडगं नेतात, परत आणतात.

येत्या उन्हाळ्यात उमिताससुद्धा सुरू करतोय: तोच वाटलेला मका, कणसाच्याच पानात बांधून उकडलेला. आत्तापर्यंत मोठी पानं आम्ही दुसऱ्यांना देऊन टाकत होतो. पुडी दोऱ्याने न बांधता पानाच्याच पट्टीने बांधायची, असा सासूबाईंचा आग्रह आहे. वेळ जास्त लागेल, पण बांधणार तशाच.