लिस्बनमध्ये एकटीनं काम करताना

मंगळवार, रात्री

दुपारी मावसबहिणीच्या लेकीचा फोन आला. पुढच्या महिन्यात तीही लिस्बनला येतेय, रिमोट काम करणाऱ्यांसाठीच्या पोर्तुगालच्या डी८ व्हिसावर. "मावशी, तिकडे सेफ आहे ना गं?" प्रश्न तिचा कमी आणि तिच्या आईचा जास्त होता. मी हो म्हटलं, आणि ते खरंच आहे. रात्री उशिरा ग्रासा या टेकडीवरच्या वस्तीचा चढ मी एकटी चढते आणि छातीत धडधडत नाही. पण फोन ठेवल्यावर वाटलं, नुसत्या 'हो'वर पोरीला बोलावणं बरोबर नाही.

इथे अंगावर सहसा कुणी येत नाही, चोराचा हात खिशात जातो. २८ नंबरची ट्राम मार्तिम मोनिज चौकातून निघते तीच खचाखच भरून, आणि पाकीटमारांना ती गर्दीच हवी असते. बाइशा या शहराच्या मध्यभागातल्या कॅफेत टेबलावर फोन ठेवून बसलं की कुणीतरी येऊन त्यावर नकाशा पसरतो, रस्ता विचारतो आणि नकाशासकट फोन उचलून नेतो.

फोन गेला तर पैशांचं नुकसान सोसता येतं. पण आपल्या बँकांचे ओटीपी भारतातल्या नंबरावर येतात. ते सिम त्याच फोनमध्ये असलं तर खातं, पगार, ऑफिसचं लॉगिन, सगळंच अडकतं. आणि भारतातलं सिम नव्यानं काढायचं तर इथून कसं काढणार? म्हणून माझं भारतातलं सिम जुन्या फोनमध्ये घरीच असतं, रोमिंग चालू ठेवून. सिमला पिन लावलाय. ऑफिसच्या लॉगिनचे रिकव्हरी कोड कागदावर लिहून कपाटात ठेवलेत. *#०६# दाबून मिळणारा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबरही त्याच कागदावर आहे, कारण तक्रार लिहिताना पोलीस तो विचारतात. रेस्टोराडोरेस चौकात पर्यटकांसाठी पोलीस ठाणं आहे, तिथे इंग्रजीतून बोलता येतं. जिवावरचं काही असेल तर ११२, आपल्याकडचाच नंबर.

एवढं सगळं तिला मेसेजवरही सांगता येईल. मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची.

ऑफिसात रोज जाणारं माणूस अकरापर्यंत आलं नाही, तर शेजारच्या टेबलावरचं कुणीतरी फोन करतं. आमचं तसं नसतं. माझी टीम पुण्यात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं मागे जातात आणि आमच्यातलं अंतर साडेचार तासांवरून साडेपाच तासांवर जातं. तिकडचे साडेदहा म्हणजे माझे पहाटेचे पाच. मी कॉलवर दिसले नाही तर नेट गेलं असेल असंच सगळे समजणार. इथले फूटपाथ छोट्या गुळगुळीत चुनखडीच्या दगडांचे आहेत आणि पावसात त्यांवरून पाय हमखास घसरतो. जिन्यात किंवा उतारावर पडून पाय मोडला, तर ते कुणाला आणि कधी कळणार?

२८ एप्रिल २०२५ला हे मला फार जवळून दिसलं. सोमवार होता. सकाळी साडेअकराच्या सुमारास वीज गेली ती जवळपास अख्ख्या स्पेन-पोर्तुगालची. मेट्रो बंद, सिग्नल बंद, कार्डाची मशीनं बंद, दुपारपर्यंत मोबाइलची रेंजही गेली. लोडशेडिंगमध्ये वाढलेली मी, पण असं काही पाहिलं नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या आजींनी सेलवरचा रेडिओ खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि आवाज पूर्ण वाढवला. गल्लीतली माणसं त्या खिडकीखाली जमली. कुणीतरी मला तोडक्यामोडक्या इंग्रजीत बातम्या सांगत होतं. आजींनी वर बघून हातानेच विचारलं, पाणी आहे का? कोपऱ्यावरच्या कॅफेवाल्यानं माझ्याकडून पैसे न घेता पाव आणि चीज दिलं, उद्या दे म्हणाला. रात्री उशिरा दिवे आले तेव्हा गल्लीभर टाळ्या वाजल्या.

त्या दिवसापासून घरात थोडी रोकड, पाण्याच्या बाटल्या आणि सेलवरचा रेडिओ कायम असतो. आजींकडे माझी एक किल्ली असते. सकाळी त्यांना 'बों दिया', म्हणजे सुप्रभात, म्हटल्याशिवाय मी लॅपटॉप उघडत नाही. आपल्याला रोज कुणीतरी बघतंय, ही माझ्या लेखी सगळ्यात मोठी सुरक्षितता.

अजून एक गोष्ट तिच्या आईला सांगणं जड जाईल, पण पोरीला माहीत हवी. तूरडाळ, कढीपत्ता आणायला मी मार्तिम मोनिजजवळच्या बेन्फोर्मोजो रस्त्यावर जाते. बांगलादेशी, नेपाळी, पाकिस्तानी, भारतीय, सगळ्यांची दुकानं तिथे आहेत. १९ डिसेंबर २०२४ला पोलिसांनी त्या रस्त्यावर छापा घातला आणि आपल्यासारख्या दिसणाऱ्या डझनावारी माणसांना भिंतीकडे तोंड करून, हात वर करून उभं केलं. तो फोटो बघून मला रडू आलं होतं. जानेवारीत त्याविरुद्ध मोर्चा निघाला, हजारो लोक आले आणि त्यांत पोर्तुगीजही खूप होते. हे शहर मला त्या दोन्ही दिवसांसकट आपलं वाटतं. पण रेसिडेन्स कार्ड जवळ ठेवल्याशिवाय मी खाली डाळ आणायलाही जात नाही, आणि तिनेही जाऊ नये.

संध्याकाळी तिचा पुन्हा मेसेज आला. अरोयुशमध्ये घर मिळतंय, फोटो सुंदर आहेत, भाडं कमी आहे. मालक सध्या परदेशात आहे म्हणे आणि दोन महिन्यांचं डिपॉझिट आजच पाठवायला सांगतोय. मी लगेच फोन करून तिला थांबवलं. मालकाचं नाव असलेला कर खात्याचा उतारा माग म्हटलं, करार कर खात्यात नोंदवणार का तेही विचार, आणि कुणीतरी घर आतून बघितल्याशिवाय एक पैसा पाठवू नकोस. पत्ता घेतलाय. शनिवारी मी स्वतः जाऊन येते. दाराबाहेरची घंटा वाजवून शेजाऱ्यांनाच विचारीन, इथे कोण राहतं.