नकुसा ऊर्फ

माण तालुक्यातल्या एका सज्जाची मी तलाठी. 2024 मध्ये सरकारनं आमचं पदनाम बदलून 'ग्राम महसूल अधिकारी' केलं. गाव मात्र अजून "तलाठीबाई हायत का?" असंच विचारत दारात येतं, आणि मीही आतून "या" म्हणते.

त्या दिवशी वारस नोंदीचं प्रकरण होतं. म्हातारा वारून चार महिने झालेले, म्हातारी आधीच गेलेली. पावणेचार एकर कोरडवाहू आणि फाल्गुनातच तळ दाखवणारी एक विहीर. मुलानं मृत्यूचा दाखला, जुनं रेशनकार्ड आणि वारसांची यादी आणून दिली. चार बहिणी, एक भाऊ. चौथ्या बहिणीचं नाव नकुसा.

तिघींची आधार कार्डं होती, चौथीचं नव्हतं.

"नकुसा नावाचं आधार न्हाईच की हो म्याडम. मग वगळायची का तिला?" जणू माझीच सोय बघत होता.

"नाव जुळत नाही म्हणून वारस कमी होत नाही. बोलवा त्यांना."

ती आटपाडीकडून दोन एसट्या बदलून आली. पंचेचाळिशीची, हातात औषधाच्या दुकानाची पिशवी, पिशवीत कागद घडी घालून ठेवलेले. आधारवर वेगळंच नाव, छान, नटव्या अक्षरांचं. ते इथं लिहीत नाही, ओळख पटेल.

"हे सासरचं. ह्यांनी तांदळात अंगठीनं लिवलं, तवापासनं हेच."

आमच्या भागात नकुसा, नकुशी ही नावं नवी नाहीत. मुलीवर मुलगी झाली की पुढची नको म्हणून ठेवायचं. 2011 च्या ऑक्टोबरात सातारा जिल्हा परिषदेनं अशा 285 मुलींचं एकाच दिवशी नामकरण केलं, तेव्हा पेपरांत फोटो आले होते. ही त्या वेळी दोन लेकरांची आई होती. हिचं नामकरण तांदळाच्या ताटात कधीच उरकलं होतं, कुणी फोटो काढला नव्हता.

"लहानपणी वाईट वाटायचं का?" मी विचारलं. कामाचा प्रश्न नव्हता, पण राहवलं नाही.

"न्हाय ओ. आई 'नकू' म्हणायची. ग्वाड लागायचं कानाला. शाळंत गुर्जींनी हजेरीत पुरं नाव घेतलं आन् पोरं हसली, तवा कळलं त्याचा अर्थ काय त्यो."

भाऊ बाकड्यावर बसून ऐकत होता. त्याला घरात दगडू म्हणतात. मध्येच म्हणाला, "पर म्याडम, नाव लागू पडलं बगा. हिचं नाव ठिवलं आन् वर्साच्या आत मी झालो." आणि हसला. त्यात खोट नव्हती, घरात लहानपणापासून तेच ऐकलेलं. दगडू, धोंडू, कचरू हीही नावं ओबडधोबडच, पण ती पोर जगावं, कुणाची दृष्ट लागू नये म्हणून ठेवतात. दोन्ही नावं एकाच आईनं ठेवलेली. मला ते काही केल्या एका तराजूत घालता येईना.

बहीण काही बोलली नाही. पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिली.

मी तिला समजावलं. बापाच्या कागदांत तू नकुसा, आधारवर दुसरी. शाळेचा दाखला आण, आणि दोन्ही नावांची बाई एकच आहे असं प्रतिज्ञापत्र कर. मग वारस नोंदवहीत घेते, फेरफार टाकते, नोटिसा काढते. हरकत आली नाही तर मंडल अधिकारी नोंद मंजूर करतील.

"म्हंजे मी नकुसा हाय असं मीच लिवून द्यायचं?"

"हो."

"लगीन झाल्यापासनं तोंडातनं काढलं न्हाय मी ते."

आठवड्यानं आली. चौथीपर्यंत शिकलेली, दाखला मिळाला होता. प्रतिज्ञापत्राचा मसुदा सेतूवाल्यानं टाइप केलेला. सह्या दोन हव्या होत्या, दोन्ही नावांच्या. सासरच्या नावाची सही बचत गटात शिकलेली, अक्षरं एकमेकांवर चढलेली, प्रत्येक वेलांटीला पेन थांबत होतं. 'नकुसा' मात्र एका दमात आलं. सरळ रेघेवर, पाटीवर गिरवल्यासारखं गोल. तिचं तिलाच नवल वाटलं. हात वर करून कागदाकडं बघत राहिली.

"सात-बाऱ्यावर कसं येणार मग?"

"ऊर्फ लावून."

"ऊर्फ म्हंजे?"

"म्हणजे दोन्ही तूच."

"आदी कुठलं लिवायचं?"

मी म्हटलं, आताचं आधी लिहिते, मग ऊर्फ नकुसा. तुला बरं वाटेल.

भाऊ दारात मोबाईलवर बोलत उभा होता, पाठमोरा. तिनं तिकडं पाहिलं.

"नगं," ती म्हणाली. "आदी नकुसाच लिवा. दर साली उतारा काढायला त्योच येतोय. वाचू द्या त्याला."