अर्धं गाव भांडुपला

आमच्या विभागात लोखंडी कपाट एकच आहे. वरच्या कप्प्यांत एम.ए. समाजशास्त्राच्या पोरांचे प्रबंध, काळ्या रेक्झिनमध्ये बांधलेले, पाठीवर सोनेरी अक्षरं. खालच्या कप्प्यांत एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पोरांच्या, फील्डवर्कच्या फायली, पावसात भिजून फुगलेल्या. काहींवर चहाचे डाग, एकीवर तर मासळीचा वास. वरचं खालच्यांनी वाचायचं नाही आणि खालचं वरच्यांनी, असा काही नियम नाही, पण वर्षानुवर्षं तसंच चाललंय.

मी इथलीच. बीएला समाजशास्त्र घेतलं, एमएसडब्ल्यू मुंबईत केलं आणि आता सिंधुदुर्गातल्या या विभागात तासिका तत्त्वावर दोन्हीकडे शिकवते. त्यामुळे टोमणे दोन्हीकडचे खाते. समाजशास्त्रवाले म्हणतात, तुमची पोरं मीटिंगा फार घेतात, वाचत काही नाहीत. समाजकार्यवाले म्हणतात, तुमच्या पोरांना समाजशास्त्राचा आद्य विचारवंत दुर्खीम पाठ आहे, पण ग्रामसेवकाशी दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत. दोघांचंही खरं आहे, हे मी स्टाफरूममध्ये बोलत नाही.

बाहेर तर आणखी गंमत. एमएसडब्ल्यू करते म्हटलं की गावात लोक विचारतात, कुठल्या पक्षाकडून? 'समाजसेवक' ही पदवी आमच्याकडे वाढदिवसाच्या फ्लेक्सवर मिळते, तिला परीक्षा लागत नाही.

पण मुद्दा वेगळा आहे. या दोन्ही विषयांचं देशातलं पहिलं घर मुंबई. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग 1919 साली सुरू झाला, प्रमुख पॅट्रिक गेडिस. मूळ जीवशास्त्राचा, पुढे नगररचनेत रमलेला माणूस, शहरं पायी हिंडून समजून घेणारा. ठिकाण, काम आणि माणसं ही तिन्ही एकत्र बघितल्याशिवाय काही कळत नाही, ही त्याची शिकवण. 1924 मध्ये तिथे गोविंद सदाशिव घुर्ये आले, म्हणजे आमच्या मालवणचे. एम. एन. श्रीनिवास, इरावती कर्वे, अ. र. देसाई ही सगळी त्यांची विद्यार्थीमंडळी. मालवणात जन्मलेल्या माणसाने देशाला समाजशास्त्रज्ञांची पिढी दिली, ही गोष्ट मी दर वर्षी पहिल्या तासाला सांगते आणि दर वर्षी वर्गातली मालवणची पोरंच ती पहिल्यांदा ऐकत असतात. समाजकार्याचंही तसंच. क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकन मिशनऱ्याने नागपाड्यात काम उभं केलं आणि त्यातून 1936 मध्ये टाटांच्या पैशावर समाजकार्याचं पहिलं विद्यालय निघालं. तीच आजची देवनारची टीआयएसएस, टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस.

हे सगळं घडत होतं तेव्हा आमची माणसं कुठे होती? तिथेच. गिरणगावात, एकेका खोलीत पाळीपाळीने झोपत, खानावळीत जेवत, महिन्याला घरी मनीऑर्डर करत. ठिकाण एकीकडे, काम दुसरीकडे आणि माणसं दोहोंत वाटलेली. गेडिससाहेबाच्या तिन्ही गोष्टी एकत्र बघायच्या तर कोकणातलं गाव मुंबईत जाऊनच पुरं होतं.

आणि आमचं फील्डवर्क? त्याची चौकट मुंबईच्या वस्तीवर बेतलेली. आठवड्यातले दोन दिवस 'क्षेत्रात' जायचं, गृहभेटी, गटकार्य, मग लोकांची सभा, मग 'लोकसहभागातून' काहीतरी. घराला घर लागून असेल तर हे जमतं. इथे एक वाडी डोंगराच्या अल्याड, दुसरी पल्याड, मधे व्हाळ, म्हणजे ओढा. सकाळची एसटी चुकली की दिवस गेला आणि सभा संध्याकाळी ठेवली तर परतायला गाडी नाही, कारण शेवटची असते ती वस्तीची. ती गावातच मुक्काम करते.

वर्गात एक आकडा मी फळ्यावर लिहिते: 1122. रत्नागिरी जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे इतक्या बायका. आमच्या सिंधुदुर्गात 1036. कोणीतरी हमखास अभिमानाने म्हणतं, बघा मॅडम, कोकणात मुलींना किती मान! मग मी सहा वर्षांखालच्या मुलांचा तक्ता दाखवते. तिथे दोन्ही जिल्ह्यांत मुलीच कमी. वर्ग गप्प होतो. बायका जास्त जन्मत नाहीत, बाप्ये मोजायला घरात नसतात. लोकसंख्यासुद्धा बघा. रत्नागिरीची 2001 मध्ये जवळपास 17 लाख होती, 2011 मध्ये 16 लाखांच्या आसपास. सिंधुदुर्गाचीही घटली. महाराष्ट्र फुगत असताना हे दोन जिल्हे आटले.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. एमएसडब्ल्यूची एक मुलगी एका वाडीत प्लेसमेंटला, म्हणजे फील्डवर्कच्या नेमणुकीवर, होती. नळपाणी योजनेची टाकी बांधायची, जागा दोन गुंठे हवी. तिने अंगणवाडीत सभा घेतली. बायका झाडून आल्या, सगळ्यांनी माना डोलावल्या, फोटो निघाले. मग तीन आठवडे काहीच हललं नाही. तिने रेकॉर्डिंगमध्ये, म्हणजे फील्डवर्कच्या लेखी नोंदीत, लिहिलं, 'लोकांमध्ये उदासीनता दिसून येते.' हे वाक्य मी प्रत्येक फायलीत वाचते आणि प्रत्येक फायलीत लाल पेनाने खोडते. उदासीन कोण? ज्या बाया उन्हाळ्यात विहिरीवर पहाटे नंबर लावतात त्या?

तिला म्हटलं, सातबारा काढ. निघाला. सामाईक. नावांची रांग पानाखाली उतरलेली, निम्मी माणसं वारलेली, वारसनोंदी अर्धवट. ग्रामपंचायतीला संमतीपत्र हवं सगळ्या सहहिस्सेदारांचं. सभेत मान डोलावणाऱ्या बायांपैकी सातबारावर नाव फक्त एकीचं.

त्या दिवशी समाजशास्त्राचे आमचे एक सर सहज डोकावले आणि सातबारा बघून खुर्ची ओढून बसले. समाजशास्त्राच्या पोरांना नातेसंबंधांचा धडा असतो. पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, लग्नाला बरोबरचं चिन्ह, वारलेल्यावर तिरकी रेघ. पोरं परीक्षेत काढतात आणि विसरतात. सर म्हणाले, हे घेऊन वाडीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईकडे जा. मीही गेले तिच्याबरोबर.

आजी पडवीत कोकमाची सोलं वाळत घालत होत्या. "खयसून इलंस गो बाय?" विचारून झालं, आम्ही कुणाच्या कोण ते काढून झालं, मगच कामाचं. मुलीने वर्तमानपत्राएवढा कागद जमिनीवर पसरला. आजी लिहायला-वाचायला शिकलेल्या नाहीत, पण दोन मिनिटांत त्यांनी त्रिकोण-वर्तुळांचा हिशेब पकडला आणि सोलाने रंगलेलं बोट कागदावर फिरायला लागलं. "ह्यो वारलो. ह्येचो झील भांडुपाक. ह्येचे दोन, एक दिव्याक, एक नालासोपाऱ्याक, ते एकमेकांशी बोलनत नाय." सातबाऱ्यावर जे तलाठ्यालाही सांगता आलं नव्हतं ते तासाभरात कागदावर उतरलं, भांडणांसकट. कोणता भाऊ कोणाला फोन करेल आणि कोणता नाही, हेसुद्धा.

मुलीच्या लक्षात आलं की कागदावर त्रिकोणच फार झालेत. तिने विचारलं, "आजी, आणि मुली?" आजी म्हणाल्या, "तेंची लग्ना झाली." वाद नाही, माहिती दिल्यासारखं. मुलीने पेन्सिल खाली ठेवली नाही. एकेक नाव विचारून तिने सगळी वर्तुळं काढली. 2005 पासून कायद्याने मुलीही समान वारस आहेत, म्हणजे संमती त्यांचीही लागणार. आजींनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, मग माझंही माहेरी लागत असेल. हसत म्हणाल्या, पण म्हणाल्या.

तो कागद आता विभागात आहे. कपाटाच्या कोणत्या कप्प्यात ठेवायचा यावर थोडी चर्चा झाली, शेवटी भिंतीवर लावला.

पुढचं पाऊल उघड होतं. गावाचं मुंबईत मंडळ आहे, जसं आमच्याकडच्या बहुतेक गावांचं असतं. देवळाचा जीर्णोद्धार, जत्रेची वर्गणी, गणपतीच्या गाड्यांचं बुकिंग, सगळं तिथे ठरतं. सभा रविवारी, परळच्या एका शाळेच्या वर्गात. मुलगी रात्रीच्या गाडीने गेली, स्वतःच्या पैशाने, वंशावळीची झेरॉक्स घेऊन. तिने सांगितलेलं वर्णन मी सुपरवायझर म्हणून ऐकलेल्या वर्णनांत सगळ्यात चांगलं. लहान मुलांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसलेले पन्नाशीचे बाप्ये आणि फळ्याला टाचणीने लावलेली त्यांच्याच घराण्याची वंशावळ. पहिली पंधरा मिनिटं सगळे आपापला त्रिकोण शोधत होते. एकाने विचारलं, माझ्या बहिणीला का घातलंय? दुसऱ्यानेच उत्तर दिलं, कायदा आहे बाबा. चार जणांनी तिथेच सह्या केल्या. ज्या दोघांचं बोलणं बंद होतं ते आलेच नाहीत. टाकी अजून झालेली नाही. मेपर्यंत होईल असं सरपंच म्हणतात. सरपंच दर मेला म्हणतात.

परत आल्यावर तिने फील्डवर्कच्या तासांत ही मुंबईवारी धरली. वरून शेरा आला: नेमून दिलेल्या क्षेत्राबाहेरील काम, तास अमान्य. माझेही सुपरवायझरचे तास कुठेच धरले जात नाहीत, तासिका तत्त्वावरच्या माणसाला पगार वर्गातल्या तासाचा. पण माझं एक असू दे. गावाचा निर्णय जिथे होतो ते क्षेत्राबाहेर आणि बंद घरांच्या कुलपांपुढून हिंडणं क्षेत्रात, हे त्या मुलीला मी कसं समजावायचं? आता नव्या शैक्षणिक धोरणात बीएच्या पोरांनाही फील्ड प्रोजेक्टचे क्रेडिट आहेत, म्हणजे 'घर बंद' असं लिहिलेले फॉर्म आणखी वाढणार. बंद म्हणे. गणपतीत येऊन बघा, त्याच घरात पाय ठेवायला जागा नसते.

मी आणि समाजशास्त्राच्या सरांनी मिळून प्रस्ताव लिहिलाय. एमएसडब्ल्यूच्या पहिल्या सत्रात नातेसंबंधांचा धडा सक्तीचा, एम.ए.च्या पोरांना एक सत्र वाडीत आणि प्रत्येक प्लेसमेंटमध्ये त्या गावाच्या मुंबई मंडळाची निदान एक सभा, तासांसकट. विभागात दोन्ही बाजूंच्या सह्या एका कागदावर आल्या, हे आमच्याकडे टाकीपेक्षा अवघड काम. प्रस्ताव अभ्यास मंडळाकडे गेलाय. तोवर यंदाच्या बॅचला मी सांगितलंय, परळला जाऊन या, तिथलं रेकॉर्डिंग व्यवस्थित लिहा आणि क्षेत्राच्या रकान्यात गावाचंच नाव घाला. कोणी विचारलं तर माझ्याकडे पाठवा.