ताडपत्री टाकाले टाइम भेटन का?

"भाऊ, थे लाल-जांभळं राहू द्या. ताडपत्री टाकाले टाइम भेटन का, थे सांगा."

दुपारी हवामान बघणाऱ्या आमच्या ग्रुपवर नागपूर रडारचे फोटो धडाधड पडत होते. यवतमाळकडून ढगांची रांग वर्ध्याकडे सरकत होती, मधोमध गडद जांभळा ठिपका. म्हणजे गारा असण्याची दाट शक्यता. आम्ही ढग किती उंच गेला यावर रंगात आलो होतो, तेवढ्यात समुद्रपूरकडच्या एका दादांचा हा मेसेज. शिजवलेली हळद अंगणात वाळत होती त्यांची. भिजली की रंग जातो, भाव पडतो.

सगळे एकदम चूप. मग एकाने मागचे दोन फोटो जुळवून वेग काढला: "पाऊण तास. पण दामिनी या वीज दाखवणाऱ्या ॲपवर वीज 20 किलोमीटरच्या आत दाखवली, की असेल तसं सोडून घरात जा."

दादांनी ताडपत्रीचा फोटो टाकला. कडेला दगड, वर आडवं टाकलेलं बैलगाडीचं जू.

इतकी वर्षं रडार बघतोय, पण हा हिशेब आधी कुणी मांडलाच नव्हता. आता प्रत्येक फोटोखाली गावाचं नाव आणि मिनिटं लिहायचं ठरलंय.

उद्याही ऑरेंज अलर्ट आहे. हिंगणघाट, समुद्रपूर, वायगाव भागात कुणाची हळद उघड्यावर आहे का?