डावा हेडलाइट कोरडा झाला, पण पाणी सांध्यातून येतच नव्हते

माझ्या गाडीच्या डाव्या हेडलाइटमध्ये पाणी शिरत होते, म्हणून मागे मी त्याची काच उतरवून, सांध्यातले जुने बुटाइल (चिकट रबरी सीलंट) खरवडून आणि नवे भरून दिवा परत बसवला होता. त्यानंतर मी भर पावसात रात्री कराडहून कुंभार्ली घाटाने चिपळूणला आलो. सकाळी पाहतो तर काचेच्या आतल्या बाजूने थेंब ओघळत होते आणि इंडिकेटरखालच्या कोपऱ्यात पाणी साचलेले होते. काचेवर पातळसे धुके धरून दिवे लावल्यावर ते विरत असते, तर मी दुर्लक्ष केले असते, कारण श्वास घेणाऱ्या, म्हणजे हवा आत-बाहेर होऊ देणाऱ्या, कोणत्याही दिव्यात दमट हवेत तेवढे होतेच. साचलेल्या पाण्याचे मात्र तसे नसते; ते कुठून तरी द्रवरूपानेच आत आलेले असते.

दिवा पुन्हा उतरवला आणि आतले पाणी काढून सावलीत वाळवला. या वेळी काच न उघडता मत्स्यालयाच्या दुकानातून हवेचा छोटा पंप आणला. सायकलच्या पंपाचा दाब नव्या बुटाइलला सोसेल याची मला खात्री नव्हती. हा पंप मात्र अगदी हलक्या दाबाने सतत हवा देतो आणि त्याची नळी ब्रीदरच्या (दिव्याच्या हवा खेळण्याच्या छिद्राच्या) एल्बोवर, म्हणजे वाकड्या रबरी तोंडावर, चपखल बसते. नळी बसवली, तर हवा आत जाईचना. एल्बो काढून कापला, तेव्हा त्याच्या वळणात पांढऱ्या सिलिकॉनचा बोळा निघाला आणि दुसऱ्या एल्बोतही तोच प्रकार होता. आधीच्या मालकाच्या काळात कोणत्या तरी गॅरेजमध्ये ‘पाणी जायला नको’ म्हणून दोन्ही ब्रीदर बुजवले गेले असावेत.

येथेच बरेचसे कोडे सुटले. घाट उतरताना 60/55 वॅटच्या एच-फोर (हॅलोजन) बल्बने तापलेली आतली हवा 60 अंशांवर आहे असे धरले आणि पावसाच्या माऱ्याने ती 25 अंशांवर आली, तर ती दहा टक्क्यांहून थोडी अधिक आकसते. म्हणजे तीन लिटर पोकळीचा दिवा सुमारे तीनशे मिलिलिटर हवा बाहेरून ओढू पाहतो. ब्रीदर उघडे असतील तर ही हवा तेथून निमूटपणे आत येते. ते बंद असतील तर दिवा मिळेल त्या फटीतून ओढतो, आणि त्या फटीवर पाणी उभे असेल तर हवेऐवजी पाणीच आत घेतो.

फट शोधणे बाकी होतेच. नवे एल्बो बसवले, एकातून पंप लावला, दुसऱ्याचे तोंड टेपने बंद केले, मागची रबर कॅप घट्ट बसवली आणि दिवा पाण्याने भरलेल्या टबात काच खाली करून बुडवला. एकही बुडबुडा आला नाही. नवे बुटाइल उत्तम बसले होते याचे समाधान वाटले, पण चीडही तितकीच आली. मग दिवा गाडीत बसतो त्याच स्थितीत, उभा धरून बुडवला, आणि झोताची दिशा जुळवणाऱ्या वरच्या अ‍ॅडजस्टर स्क्रूच्या दांड्याभोवती मोहरीएवढ्या बुडबुड्यांची माळ सुरू झाली. त्या दांड्यावरची ओ-रिंग (पाणी अडवणारी रबरी कडी) दगडासारखी कडक होऊन एका बाजूने चपटी झाली होती. दिवा उभा असताना रिफ्लेक्टरचे वजन दांड्यावर येते, दांडा किंचित खाली झुकतो आणि वरच्या बाजूला केसाएवढी फट पडते. काच खाली ठेवल्यावर हे वजन तसे येत नाही, म्हणून पहिल्या तपासणीत ती दिसली नाही. बोनेटच्या कडेवरून ओघळणारे पाणी नेमके याच दांड्यावर पडते.

ओ-रिंग पंप दुरुस्तीच्या दुकानात मापाने मिळाली, तीही चहाच्या किमतीत. बसवताना सिलिकॉन ग्रीस लावले, कारण साध्या पेट्रोलियम ग्रीसने काही रबरे फुगतात. त्यानंतर दिवा अर्धा तास चालू ठेवून त्यावर नळीने गार पाणी सोडले. बाहेरच्या कोपऱ्यात तळहाताएवढे धुके धरले आणि पुन्हा दिवे लावल्यावर ते विरले. थेंब एकही नाही! हे पाहत मी बराच वेळ नुसता उभा होतो.

काही मते येथेच नोंदवतो. बाहेरून सांध्यावर सिलिकॉन फासण्याचा सल्ला कृपया कोणी देऊ नये. अनेक दिव्यांचे हाउसिंग (मागचे कवच) पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे असते आणि त्याला सिलिकॉन नीट धरतच नाही; माझ्या दिव्यावरचा जुना थर नखाने सालीसारखा निघाला. शिवाय व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन आत वापरले, तर त्याच्या आम्लाच्या वाफेने रिफ्लेक्टरचा अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा काळवंडू शकतो. बुटाइलची पट्टी पुण्याच्या नाना पेठेतून आणलेली चांगली निघाली. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांवर माझा विश्वास नाही. ब्रीदर उघडे असलेल्या दिव्यात, कोकणातल्या हवेत, त्या लवकरच ओल धरून निकामी होतात. तसेच एच-फोरच्या जागी एलईडी बल्ब लावणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की त्याची उष्णता मुख्यतः मागच्या हीटसिंककडे (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाकडे) जाते, काच गार राहते आणि धुके हटता हटत नाही.

पुढची पायरी म्हणून हाउसिंगला भोक पाडून, हवा जाऊ देणारा पण पाण्याचे थेंब अडवणारा पडदा चिकटवायचा विचार होता. हे लिहिताना मात्र वाटते की भोक कशाला पाडायचे? चाकाच्या बाजूला असलेल्या खालच्या एल्बोच्या तोंडावरच तो पडदा बसवता येईल. चिखलाने तो बुजलाच तर वरचा ब्रीदर उघडा आहेच.

उजव्या टेललाइटचे काम त्यामुळे पुढे ढकलले आहे. डिकीत स्टेपनीखाली पाणी साचते म्हणून मी टेललाइट आणि पत्रा यांमधली फोमची नवी गॅस्केट मागवणार होतो, पण आता आधी डिकीच्या आतल्या पत्र्यावर टाल्कम पावडर भुरभुरून पाण्याची वाट पाहीन. ओघळ दिव्याच्या खालून निघाला तरच गॅस्केट घेईन, आणि दिव्याच्या आत पाणी असेल तर त्यालाही टबात बुडवीन, या वेळी पहिल्यापासूनच गाडीत बसतो तसा धरून.